ठिणगीला लागलेली दृष्ट

मोंजीने पावाचा तुकडा हरिसाच्या तिखटात बुडवला आणि फोन वाजला. पडद्यावर लमजदचं नाव होतं. सकाळच्या पहिल्या घासाला लमजदचा फोन म्हणजे पुढचं वाक्य काय असणार, हे आता मोंजीच्या बायकोलासुद्धा पाठ झालं होतं.

"उस्ताद, मेली परत!"

"कोण मेली?"

"कोण म्हणजे? मशीन! दुसरं कोण मरणार आहे माझ्याकडे? मीच उरलोय आता."

"काल संध्याकाळी चालू होती. तुझ्या फरहातने माझ्या डोळ्यांदेखत वेल्डिंगचा हातभर जोड मारला."

"काल होती रे बाबा. काल लग्नातल्यासारखी नाचत होती. आज पेटत नाही. आणि ऐक, परवासारखा दुपारी उगवू नकोस. आत्ता ये."

"गावात मला तुझी एकट्याचीच मशीन आहे काय? बंदरावर दोन बोटी खोळंबल्यात."

"बोटी बुडत नाहीत लगेच. मी बुडतोय."

मोंजीने फोन ठेवला. पाव तिखटात बुडून लगदा झाला होता, तो त्याने तसाच खाल्ला आणि वर बायकोलाच म्हणाला की आज तिखट जास्त झालंय. तिने तिखटाची वाटी उचलून आत नेली. लमजदच्या मशीनने या घरातही तोंडं बंद केली होती.

मोंजी स्फाक्स शहरात वेल्डिंगची मशीनं दुरुस्त करायचा, आणि हाताला यश असलेला माणूस म्हणून त्याचं नाव होतं. निदान लमजदची ही मशीन येईपर्यंत तरी होतं. गाबेसच्या रस्त्यावर लमजदचा कारखाना. ऑलिव्ह तेलाच्या घाण्यांसाठी स्टेनलेसच्या टाक्या बनवायचा. जैतुनाचा हंगाम तोंडावर आला होता. झाडांवर फळ काळं पडायला लागलं होतं आणि घाणेवाले रोज येऊन अर्धवट टाकीवर टकटक करून, तोंड वाकडं करून जात होते.

मशीन टिग प्रकारच्या वेल्डिंगची होती. या मशीनची गंमत अशी की टॉर्चच्या टोकाची सुई पत्र्याला टेकवायची नसते. टेकवली की सुईचा कण पत्र्यात अडकतो, जोडाला डाग पडतो, आणि तेलाच्या टाकीत असला डाग घाणेवाला चालवून घेत नाही. म्हणून सुई वर अधांतरी धरायची, पायाखालचं पेडल दाबायचं, की मशीनच्या पोटातून जबरदस्त दाबाची एक बारीक ठिणगी निघते, हवेतून पत्र्यावर उडी मारते आणि तिच्या मागोमाग ज्योत पेटते. ही उडीच बंद झाली होती. सकाळी बंद, दुपारी चालू. आजाऱ्याने डॉक्टरच्या दारात पाय ठेवताच टुणटुणीत व्हावं, तसं.

बोटी उरकून मोंजी पोचला तेव्हा दुपार झालीच होती. पत्र्याच्या छपराखाली भट्टीसारखं तापलं होतं. फरहात वेल्डर टाकीच्या पोटाशी मांडी घालून बसला होता आणि निळी ज्योत सरळ, शांत जळत होती.

"ही बघ," फरहातने मुखवटा वर केला. "तुझी मोपेड ऐकली आणि पेटली. जीव जडलाय तिचा तुझ्यावर. घरी घेऊन जा हिला."

"घरी एक आहे. ती पण अशीच. पाहुणे आले की गोड."

मोंजीने पिशवी आपटली आणि कामाला लागला. सुई घासून नवी टोकदार केली. अर्थिंगचा चिमटा काढून खरवडला. आर्गॉन गॅस येतोय की नाही पाहिलं. बाजूचं झाकण उघडून ज्यांच्यामध्ये ठिणगी उडते ते दोन पॉइंट काढले, पॉलिश पेपरने पुसले, पातळ पत्री घालून त्यांच्यामधली फट मोजली, परत बसवले. हे सगळं त्याने याआधीही केलं होतं. मध्ये एकदा स्वतःच्या दुकानातली नवी टॉर्च आणून लावली होती. सगळं बरोबर होतं, आणि त्याचाच त्याला राग येत होता. काहीतरी तुटलेलं सापडलं असतं तर त्याने त्याचा मुका घेतला असता.

"उस्ताद," लमजद शेजारी उकिडवा बसला आणि आवाज खाली आणून म्हणाला, "तू उगाच पॉइंट घासतोयस. दुखणं तिथं नाहीच."

"मग कुठंय?"

लमजदने हनुवटीने रस्त्यापलीकडे खूण केली. टायरवाल्याच्या दुकानापुढे प्लास्टिकच्या खुर्चीवर एक म्हातारा माणूस लाल टोपी घालून बसला होता.

"तिजानीकाका?"

"हळू बोल! त्या दिवशी मशीन नवी आणली होती. फरहातने पहिला जोड मारला. काका म्हणाले, 'काय देखणी ज्योत आहे रे, अशी मी जन्मात पाहिली नाही.' बास. एवढंच. दृष्ट लागू नये म्हणून तबारकल्ला म्हणतात, तेही नाही, देवाचं नाव नाही, काही नाही. आणि फट्! तिथल्या तिथे विझली."

"पॉइंट झिजले होते त्या दिवशी. मीच तर बदलले. मशीन नवी कुठं होती, जुनी होती ती! तुला रंग मारून विकली कोणीतरी."

"ते बदललेस, ठीक. मग दुसऱ्या दिवशी सकाळी का मेली? तिसऱ्या दिवशी का मेली? सकाळी कारखान्याचं शटर कोण उघडतं? काका. पहिली नजर कोणाची पडते? काकांची."

"कावळा बसायला आणि फांदी मोडायला एक गाठ पडली रे!"

"रोज?" फरहात टाकीमागून म्हणाला. "रोज तोच कावळा, तीच फांदी?"

मोंजीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. रागावण्यासारखं बरंच होतं, पण सगळ्यात जास्त राग याचा आला की फरहातचा प्रश्न बरोबर होता.

तिजानीकाका लमजदच्या बापाच्या वेळचा मुकादम. लमजदच्या हातात पहिली वेल्डिंगची कांडी त्यानेच दिली, आणि वाकडी धरली म्हणून बोटांवर पहिली टपलीही त्यानेच दिली. काम सुटलं तरी कारखान्याची किल्ली त्याच्याकडेच राहिली. पहाटे यायचं, शटर वर करायचं, कॉफी टाकायची, मग दुपारपर्यंत बसून सगळ्यांच्या जोडांना नावं ठेवायची, हा त्याचा दिवस. आता त्याला कोणी काही बोललं नव्हतं. बोललं असतं तर बरं झालं असतं. नुसते सगळे फार अदबीने वागायला लागले होते. "या काका, बसा काका, घ्या काका," आणि तो आत आला की फरहात हळूच मशीनवर ताडपत्री ओढायचा. म्हातारा बावळट नव्हता. त्याने कामाच्या वेळी यायचं सोडलं. किल्ली मात्र परत मागायची कोणाची छाती झाली नाही. मागताना त्याने रोखून बघितलं तर?

मोंजी हात पुसत रस्ता ओलांडून गेला. काका कारखान्याकडे पाठ करून बसले होते.

"काका, असे पाठ फिरवून का बसलात?"

"ऊन लागतं तिकडून."

ऊन दुसऱ्याच बाजूला होतं.

"पेटली का?" काकांनी भिंतीकडे बघतच विचारलं.

"पेटली. मस्त पेट—"

"नको! चांगलं काही सांगू नकोस मला तिच्याबद्दल. पेटली ना, झालं." त्यांनी टोपी काढली, परत घातली. "मोंजी, तू शिकलेला माणूस आहेस. माणसाला स्वतःला कळतं का रे, आपली नजर कशी आहे ते?"

"काका, नजरेनं ठिणगी विझत नाही. ठिणगी विझते घाणीनं, ओलीनं, ढिल्या स्क्रूनं."

"मग कुठला स्क्रू ढिला आहे, सांग."

मोंजी हातावरचं काळं परत पुसायला लागला. सांगता आलं असतं तर तो इथे कशाला उभा राहिला असता? आपण एक स्क्रू शोधू शकत नाही म्हणून एक सज्जन म्हातारा भिंतीकडे तोंड करून बसलाय, हे त्याला फार लागलं. मशीनवर चिडायचं की लमजदवर की स्वतःवर, ते ठरेना, म्हणून तो टायरवाल्यावर चिडला. त्याने मोपेडमध्ये हवा कमी भरली होती.

दुसऱ्या दिवशी मात्र त्याने फोनची वाट पाहिली नाही. आजार सकाळचा आणि वैद्य दुपारचा, हे आधीच सुचायला हवं होतं, असं स्वतःला बोल लावत तो उजाडता उजाडता निघाला. समुद्रावरून धुकं आलं होतं. मोपेडचं हँडल ओलं लागत होतं आणि मिशीला थेंब जमत होते.

शटर वर होतं. काका कॉफीचं भांडं उतरवत होते. मोंजीला बघून ते दचकले, "तू? इतक्यात?" म्हणाले, आणि मशीनकडे चुकूनही न बघता, भिंतीला धरून धरून बाहेर पडले.

मोंजीने मशीन चालू केली, सुई पत्र्यावर धरली, पेडल दाबलं. ठिणगी नाही. परत दाबलं. नाही. पण पोटातून टर्रर्र आवाज येत होता. पॉइंट आपलं काम इमानाने करत होते. त्याने टॉर्चचा जोड मशीनपाशीच सोडवून पाहिला, तिथेही ठिणगी येत नव्हती. म्हणजे ठिणगी आत तयार होत होती आणि दारापर्यंत पोचण्याआधीच कोणीतरी वाटेत ती खात होतं.

"सापडलास," मोंजी मशीनला म्हणाला. "कोण आहेस तो, सापडलास."

त्याने मागचं मोठं झाकण उघडलं. इतके दिवस त्याने ते उघडलंच नव्हतं, कारण पॉइंट बाजूला असतात आणि मागे नुसती तारेची जाड वेटोळी. त्यांना काय होणार? शटर खाली ओढलं, दिवे मालवले आणि हात पाठीमागे बांधून उभा राहिला, कारण असल्या उघड्या पोटात बोट घालणारे लोक त्याने पाहिले होते, एकदाच. मग पायाने पेडल दाबलं.

अंधारात निळं काहीतरी सरपटलं. वेटोळ्याच्या आणि मशीनच्या अंगाच्या मध्ये, जिथे नुसती हवा असायला हवी तिथे, एका गाठोड्यावरून निळे धागे खाली उतरत होते.

त्याने वीज तोडली, प्लग काढून डोळ्यांसमोर ठेवला, कपॅसिटरला इन्सुलेटेड पेचकस टेकवून त्यातला उरलासुरला जोर काढून टाकला आणि बॅटरी मारून आत पाहिलं. केबल जिथून आत येते त्या भोकातून ढकललेल्या कापडाच्या पुरचुंड्या होत्या. एक नाही, तीन. लाल दोऱ्याने बांधलेल्या, ओल्याकच्च. सगळ्यात जुनीला तांब्याचा हिरवा कळंक चढला होता. त्याने एक फोडली. मीठ. मीठ, काळं जिरं आणि आणखी कसल्याशा बिया.

दृष्ट लागू नये म्हणून मीठ! धुक्याने सकाळी मीठ पाणी सोडणार, सगळी ठिणगी त्या पाण्यावरून मशीनच्या अंगात उतरणार. दुपारी छप्पर तापलं की मीठ कोरडं, मशीन ठणठणीत. मोंजीला इतका राग आला की तो एकटाच मोठ्याने हसला. लमजदची आई! दुसरं कोण असणार? दर गुरुवारी येऊन ती कारखान्यात धूप फिरवायची. आता लमजद येऊ दे, त्याच्या आईसकट त्याची अशी हजेरी घेतो की पुढचा हंगाम येईपर्यंत आठवेल. पुरचुंड्या त्याने कोटाच्या खिशात कोंबल्या, आतला भाग स्पिरिटने पुसला, झाकण लावलं. पेडल दाबलं. टर्रर्र, आणि ज्योत! बाहेर अजून धुकं होतं.

शटर वर झालं. लमजद आणि फरहात ज्योतीकडे बघत दारातच थबकले.

"सकाळी पेटली," फरहात म्हणाला. "सकाळी!"

लमजदने मोंजीच्या दोन्ही गालांचे मुके घेतले, मग टाकीचे घेतले. "काय होतं उस्ताद? काय सापडलं?"

"सांगतो ना," मोंजीने खिशात हात घातला. "आधी मला सांग, तुझी आई—"

"पेटली का रे?" बाहेरून आवाज आला. तिजानीकाका शटरच्या बाजूला भिंतीआड उभे होते. फक्त टोपी दिसत होती.

"पेटली काका, पेटली!" लमजद ओरडला, पण आत या म्हणाला नाही.

"मोंजी, जरा बाहेर ये. एकटा ये."

मोंजी वैतागून बाहेर गेला. तोंडाशी आलेली शिवी अशी अर्ध्यात अडकवायची म्हणजे काय! काकांनी त्याचा दंड धरून त्याला टायरच्या ढिगामागे नेलं. त्यांचे डोळे चमकत होते.

"कोणाला सांगू नकोस. मी केलंय ते."

"काय केलंय?"

"मीठ घातलं आत. माझ्या बायकोने बांधून दिलं, बिया घालून. ज्या दिवशी ती पहिल्यांदा विझली ना, त्याच रात्री. म्हटलं, आपली नजर वाईट असेल तर लेकरांच्या पोटावर का? सळीने आत ढकललं, खोल, कोणाला दिसू नये म्हणून. पण माझी नजर मिठाला जुमानेना! दुसऱ्या दिवशी परत विझली. मग दुसरी घातली. तरी विझली. काल तिसरी घातली, चांगली मूठभर. आणि बघ, आज लागू पडली!"

मोंजीचा हात खिशाकडे गेला. खिशातल्या पुरचुंड्यांची ओल आता कोटातून मांडीपर्यंत आली होती.

तो नको तेवढा दमला. सांगितलं तर म्हाताऱ्याला कळणार की इतके दिवस कारखाना आपणच बंद पाडला. नाही सांगितलं तर आपल्या डोळ्यात विष आहे आणि वर मीठ आहे म्हणून जग वाचलंय, असं समजून हा जगणार. आणि उद्या पहाटे चौथी पुरचुंडी घालणार, त्यात शंका नाही! दया करायलासुद्धा सोय ठेवली नव्हती या माणसाने.

"काका," त्याने खिसा उलटा केला. तीन ओल्या गाठी तळहातावर पडल्या. "ही बघा तुमची नजर."

"का काढलंस? काढू नकोस, विझेल ती!"

"काढल्यावर पेटली! ऐकताय का? मीठ ओलं होतं आणि सगळी ठिणगी पिऊन टाकतं. पहिल्या दिवशी पॉइंट झिजले होते, मी बदलले, गोष्ट संपली होती. त्यानंतर रोज सकाळी मशीन मारली ती तुमच्या मिठाने. नजरेने नाही, मिठाने. मी माझे पॉइंट घासून घासून संपवले, माझी बायको माझ्याशी बोलत नाही, घाणेवाले लमजदच्या जिवावर उठलेत, आणि तुम्ही रोज पहाटे येऊन हिला बरणीतल्या लिंबासारखं खारवताय!"

एवढं बोलल्यावर मोंजीला वाटलं, जास्त झालं. काका पुरचुंड्यांकडे बघत होते. त्यांनी एका बोटाने एक गाठ उलटी करून पाहिली.

"म्हणजे मी हाताने बिघडवली."

"हो."

"डोळ्याने नाही."

"नाही हो!"

"नुसता मूर्खपणा."

"शुद्ध मूर्खपणा. मला माफ करा, पण याला दुसरा शब्द नाही."

"पक्कं सांग. मशीनचं सोड, माझं सांग. पक्कं ना?" त्यांनी मोंजीची बाही घट्ट धरली. "माझ्या लेकीला मुलगा झाला, मोंजी. पहिला. मी दारापर्यंत गेलो आणि परत आलो. बायकोला म्हटलं, गुडघा दुखतो. रोज म्हणतो गुडघा दुखतो."

मोंजीचा राग होता तिथेच विरघळला, आणि त्याला त्याचाही राग आला. "पक्कं," तो म्हणाला. "कुराणावर हात ठेवून सांगतो. तुमच्यासारखा मूर्ख माणूस मी स्फाक्समध्ये पाहिला नाही."

काकांनी पुरचुंड्या त्याच्या हातातून ओढून घेतल्या आणि टायरच्या ढिगामागून असे निघाले की गुडघा नावाची वस्तू त्यांना कधी नव्हतीच. ते तरातरा रस्ता ओलांडून सरळ आत गेले, मशीनपुढे, ज्योतीपुढे, आणि तिन्ही गाठी टेबलावर आपटल्या.

"मी केलं!" ते ओरडले. "लमजद, ऐक! मशीन मी बिघडवली! या हातांनी! रोज सकाळी! विचार उस्तादला!"

आधी कोणाला काही कळेना. मग मोंजीने दारातूनच दोन वाक्यांत सांगितलं, आणि लमजदचा चेहरा लाल होत गेला.

"मीठ?" तो म्हणाला. "मशीनमध्ये मीठ? काका, तुम्ही वेल्डर आहात की आचारी? माझा अख्खा हंगाम! तीन घाणेवाले सोडून गेले! मी आईकडून दोनदा धूप फिरवून घेतला, फरहातने दृष्ट टळावी म्हणून दारावर माशाचं शेपूट ठोकलं, आणि तुम्ही! या वयात! अक्कल गहाण टाकली होती काय? टाकीत मासे खारवायचे होते काय?"

मोंजीने मध्ये पडायला तोंड उघडलं आणि मिटलं. काका समोर ताठ उभे राहून प्रत्येक शब्द ऐकत होते, मान डोलावत होते, आणि त्यांच्या गालांवरून पाणी वाहत होतं. कितीतरी दिवसांनी कोणी त्यांच्याशी अदबीने बोलत नव्हतं. फरहातच्या हातात ज्योत जळत होती आणि ताडपत्री कोपऱ्यात पडली होती. कोणाला तिची आठवणही झाली नाही.

"आणि वर रडताय काय?" लमजद ओरडला.

"दे, दे शिव्या," काका डोळे पुसत म्हणाले. "पोटभर दे. फक्त जरा लवकर आटप. मला लेकीकडे जायचंय, बाळ बघायचं राहिलंय."